बोटाखालचे चार मिलिमीटर : कळफलक कसा निवडावा?

संगणकाचा कळफलक घ्यायला दुकानात गेले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. तीन-चारशे रुपयांनाही कळफलक मिळतो आणि आठ-दहा हजारांनाही मिळतो. दोन्हींवर अक्षरे तीच, त्यांच्या जागाही त्याच. दोन्ही एकाच प्रकारच्या वायरने संगणकाला जोडता येतात. मग फरक कशाचा? महाग कळफलकाच्या खोक्यावर ‘मेकॅनिकल’, ‘ब्लू स्विच’, ‘रेड स्विच’, ‘अँटी-घोस्टिंग’, ‘१००० हर्ट्‌झ’ असे शब्द छापलेले असतात. दुकानदार ते वाचून दाखवतो. पण त्यांचा अर्थ विचारला तर उत्तर मिळतेच असे नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत मिनिटाला ४० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी हजारो मुले-मुली टंकलेखनाचा सराव करत असतात. दुसरीकडे, संगणकावर खेळणारी मुले घरी महाग कळफलकाचा हट्ट धरतात आणि पालक शिक्षकांना विचारतात, ‘सर, खरेच त्याचा काही उपयोग असतो का?’ शाळेला तर संगणक कक्षासाठी तीस-चाळीस कळफलक एकदम घ्यावे लागतात. म्हणजे येथे पैशाचा प्रश्न आहे, परीक्षेतील यशाचा आहे आणि रोज तासन्‌तास चालणाऱ्या बोटांचा व मनगटांचाही आहे.

कोणत्या कंपनीचा माल घ्यावा, हे आम्ही या लेखात सांगणार नाही. कळ दाबल्यावर बोट जेमतेम चार मिलिमीटर खाली जाते. त्या चार मिलिमीटरांत काय काय घडते, ते आपण पाहू. ते समजले की निवड आपली आपल्यालाच करता येईल.

यंत्राची कळ आणि संगणकाची कळ

अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या क्रिस्टोफर शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. पुढे रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र तयार करून १८७४ मध्ये बाजारात आणले. इंग्रजी कळफलकाच्या वरच्या ओळीतील ‘क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय’ हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्याचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ज्यांनी अशा यंत्रावर हात बसवला आहे त्यांना आठवत असेल की तेथे सगळे काम बोटालाच करावे लागे. बोटाच्या जोरावर तरफ हलायची, तरफेच्या टोकाचा खिळा उसळून फितीवर आपटायचा आणि कागदावर अक्षर उमटायचे. जोर कमी पडला तर अक्षर पुसट यायचे.

संगणकाच्या कळेला यातले काहीच करावे लागत नाही. ती फक्त एक विद्युत मंडल पूर्ण करते. दाराजवळच्या घंटेच्या बटणासारखीच ती एक बटण आहे. मग तिला स्प्रिंग, उंचवटा, ‘टक्‌’ असा आवाज यांची गरज का भासावी? कारण बोटाला उत्तर हवे असते. अक्षर उमटले की नाही हे दर वेळी पडद्याकडे पाहून ठरवायचे म्हटले, तर वेग कधीच वाढणार नाही. कळेनेच बोटाला ‘पोहोचले’ असे सांगावे लागते. हे उत्तर केव्हा आणि कसे मिळते, यावरूनच कळफलकांचे प्रकार पडतात.

रबरी घुमटाची कळ

स्वस्त कळफलक उघडून पाहिला तर आत पातळ प्लॅस्टिकचे तीन थर दिसतात. वरच्या आणि खालच्या थरावर विद्युतवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात. मधल्या थराला प्रत्येक कळेखाली एक भोक असते. या थरांवर रबराची चादर पसरलेली असते आणि तिच्यावर प्रत्येक कळेसाठी एक छोटा घुमट असतो. कळ दाबली की घुमट काही काळ विरोध करतो आणि मग एकदम खचतो. खचलेल्या घुमटाचा मधला भाग वरच्या थराला खाली ढकलतो, भोकातून दोन्ही रेघा एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. यालाच मेंब्रेन कळफलक म्हणतात. शाळा-कार्यालयांतून बहुतांशी हाच असतो.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कळ जवळजवळ तळाला गेल्याखेरीज अक्षर उमटत नाही. घुमट खचल्याची जाणीव बोटाला होते, पण ती जाणीव आणि प्रत्यक्ष संपर्क यांचा क्षण एकच असेल असे नाही. म्हणून या कळफलकावर प्रत्येक ठोका तळापर्यंत मारण्याची सवय लागते.

स्प्रिंगची कळ

ज्याला बाजारात ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ म्हणतात, त्यात प्रत्येक कळेखाली एक स्वतंत्र स्विच असतो. स्विचच्या छोट्या डबीत एक धातूची स्प्रिंग, वर-खाली सरकणारा एक दट्ट्या आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. कळ वर असताना दट्ट्याचा एक पाय पट्ट्यांना दूर ठेवतो. दट्ट्या खाली गेला की तो पाय बाजूला होतो आणि पट्ट्या आपल्या लवचिकपणाने एकमेकींना भिडतात. आज सर्वत्र दिसणारी ही रचना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात ‘एमएक्स’ या नावाने आणली. तिच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर इतर अनेक कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या आणि किमती बऱ्याच खाली आल्या.

स्विचचा प्रकार त्याच्या दट्ट्याच्या रंगावरून ओळखतात. लाल रंगाचा स्विच सर्वांत साधा. त्यात हुकचा नियम अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा दिसतो. सुरुवातीला साधारण ३० सेंटिन्यूटन बल लागते. २ मिलिमीटर खाली गेल्यावर ते ४५ होते आणि येथेच संपर्क जुळतो. ४ मिलिमीटरला, म्हणजे तळाशी, ते ६० च्या आसपास पोहोचते. म्हणजे दर मिलिमीटरला साधारण साडेसात सेंटिन्यूटनांची वाढ झाली. आलेख काढला तर तो सरळ रेषा येतो. म्हणूनच या प्रकाराला ‘लिनिअर’, म्हणजे सरळ रेषेतला, म्हणतात. एक सेंटिन्यूटन हे जवळजवळ एक ग्रॅम वस्तुमानाच्या वजनाएवढे बल असते, हे लक्षात ठेवले की खोक्यावरचे आकडे समजायला सोपे जातात.

लाल कळेवर अक्षर निम्म्या वाटेतच उमटते, पण ते उमटल्याचे बोटाला कळत नाही. तपकिरी स्विचमध्ये ही उणीव दूर केली आहे. त्याच्या दट्ट्याच्या पायावर एक लहानसा उंचवटा असतो. तो पट्टीवरून घसरताना बोटाला हलकासा अडथळा जाणवतो आणि लगेच संपर्क जुळतो. निळ्या स्विचमध्ये याच्या जोडीला आवाजही असतो. त्याच्या दट्ट्याभोवती एक सुटा सरकता भाग असतो. तो अडथळा ओलांडला की झटक्याने खाली आपटतो आणि ‘टक्‌’ असा आवाज येतो. निळ्या स्विचचा अडथळा पार करायला सुमारे ६० सेंटिन्यूटन लागतात, तपकिरीला सुमारे ५५.

आवाज आणि स्पर्श दोन्ही देणारी एक जुनी, फार सुंदर रचना आयबीएम कंपनीची आहे. रिचर्ड हॅरिस यांच्या नावावर १९७८ मध्ये तिचे पेटंट मंजूर झाले आणि १९८५ पासूनच्या ‘मॉडेल एम’ या कळफलकामुळे ती जगभर पोहोचली. त्यात स्प्रिंग दाबली जाता जाता एका क्षणी कुशीवर वाकते आणि तिच्या बुडाशी असलेली छोटी हातोडी खालच्या थरावर आपटते. हे तत्त्व वर्गात दाखवायला एक प्लॅस्टिकची पट्टी पुरते. पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने हळूहळू दाबा. काही वेळ काहीच होत नाही. मग एकाएकी पट्टी बाकदार होते आणि विरोध कमी झाल्यासारखा वाटतो. उभ्या खांबाचे असे वाकणे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने गणिताने मांडले होते. पुलाचे खांब बांधणाऱ्या अभियंत्याला जे टाळायचे असते, तेच येथे मुद्दाम घडवून आणले आहे.

करून पाहा

प्रयोगशाळेतील वजनपेटी आणि चालू संगणक एवढ्यावर हा प्रयोग होतो. पडद्यावर एक कोरे पान उघडा. कळफलकाच्या मधल्या भागातील एखाद्या अक्षराच्या कळेवर २० ग्रॅमचे वजन अलगद ठेवा. मग थोडे थोडे वजन वाढवत जा. पडद्यावर अक्षर उमटू लागले की त्या वेळचे एकूण वजन लिहून ठेवा. आता उलट क्रमाने वजने काढत जा आणि अक्षर उमटणे कधी थांबते ते पाहा.

रबरी घुमटाच्या कळफलकावर एका ठरावीक वजनाला कळ एकदम तळाला जाते. वर येताना मात्र तेवढ्या वजनाला ती वर येत नाही. बरेच वजन कमी करावे लागते. जायची आणि यायची वाट वेगवेगळी असण्याच्या या गुणधर्माला विज्ञानात ‘हिस्टेरेसिस’ म्हणतात. चुंबकत्वाच्या धड्यात बारावीचे विद्यार्थी हाच शब्द शिकतात. लाल स्विच मिळाला तर त्यावर हाच प्रयोग करा. तेथे वजनाप्रमाणे कळ थोडी थोडी खाली जाते, मध्येच थांबते आणि वजने काढली की जवळजवळ त्याच वाटेने परत येते. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले तर दोन्ही कळफलकांचा स्वभाव डोळ्यांसमोर उभा राहतो.

तारांची जाळी आणि भुताचे अक्षर

पूर्ण आकाराच्या कळफलकावर साधारण १०४ कळा असतात. प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार न्यायची तर शंभरावर तारा लागतील. त्याऐवजी तारांची जाळी करतात. समजा, ८ आडव्या आणि १६ उभ्या तारा घेतल्या. तारा झाल्या २४, पण त्या एकमेकींना ८ गुणिले १६, म्हणजे १२८ ठिकाणी छेदतात. प्रत्येक छेदाशी एक कळ बसवता येते. कळफलकातील नियंत्रक आडव्या तारांना एकामागून एक विद्युत दाब देतो आणि कोणत्या उभ्या तारेतून तो परत येतो ते पाहतो. हे इतक्या झपाट्याने चालते की सेकंदात शेकडो वेळा सगळा कळफलक तपासून होतो.

या काटकसरीची एक किंमत आहे. समजा, पहिल्या आडव्या तारेवरच्या ‘अ’ आणि ‘आ’ या दोन शेजारच्या कळा दाबलेल्या आहेत. त्याच वेळी दुसऱ्या आडव्या तारेवर ‘अ’च्या खालची ‘इ’ ही कळही दाबली. आता नियंत्रक दुसऱ्या तारेला विद्युत दाब देतो तेव्हा प्रवाह ‘इ’मधून उभ्या तारेत जातो, तेथून ‘अ’मधून उलटा पहिल्या आडव्या तारेत शिरतो आणि ‘आ’मधून शेजारच्या उभ्या तारेत उतरतो. नियंत्रकाला वाटते की आयताच्या चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबली आहे. कोणीच न दाबलेले अक्षर पडद्यावर येते. इंग्रजीत याला भुताचीच उपमा देऊन ‘घोस्टिंग’ म्हणतात. हे भूत टाळण्यासाठी स्वस्त कळफलक सोपा उपाय करतात : शंका आली की तिसरी कळ मोजायचीच नाही. त्यामुळे भूत जाते, पण खरे अक्षरही जाते.

चांगल्या कळफलकात प्रत्येक कळेबरोबर एक डायोड बसवतात. डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो, त्यामुळे ‘अ’मधून उलटे शिरण्याची वाट बंद होते. मग कितीही कळा एकदम दाबल्या तरी प्रत्येकीची नोंद स्वतंत्र होते. खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. ‘सिक्स-की’ असे लिहिले असेल तर शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळा सोडून एका वेळी सहा कळा कळतात. दोन हातांच्या बहुतेक कामांना तेवढ्या पुरतात.

तपासणी सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या शिफ्ट कळा एकदम दाबून धरा आणि कोणाला तरी ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सर्व अक्षरे टाइप करायला सांगा. काही अक्षरे गळाली तर तो कळफलक एका वेळी तीन कळांनाही गोंधळतो असे समजावे.

ही अडचण केवळ खेळणाऱ्यांची आहे असे वाटेल, पण तसे नाही. फिनलंडचे आल्टो विद्यापीठ आणि इंग्लंडचे केंब्रिज विद्यापीठ यांच्या संशोधकांनी १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांच्या १३ कोटी ६० लाख ठोक्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला. वेगवान मंडळींमध्ये असे आढळले की आधीची कळ सुटायच्या आतच ती पुढची कळ दाबतात. त्यांचे ४० ते ७० टक्के ठोके असे एकमेकांवर चढलेले होते. म्हणजे वेग वाढतो तसा एका वेळी दोन-तीन कळा खाली असणे हे नित्याचेच होते.

मिलिसेकंदांचा हिशेब

खेळाच्या कळफलकांच्या जाहिरातींत वेगाचा फार गवगवा असतो. तो कितपत खरा, हे तपासण्यासाठी आधी माणसाचाच वेग मोजू. एकाने पट्टी उभी लटकती धरावी आणि दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी बोटांची चिमट उघडी ठेवावी. पट्टी सोडताच ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली गेली, तर मुक्त पतनाच्या सूत्राने वेळ येते सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद. बहुतेकांचे उत्तर याच्या आसपास येते.

आता कळफलकाकडे वळू. धातूच्या दोन पट्ट्या भिडल्या की त्या जमिनीवर टाकलेल्या चेंडूसारख्या क्षणभर उसळत राहतात. एका ठोक्याला तीन-चार अक्षरे उमटू नयेत म्हणून नियंत्रक साधारण ५ मिलिसेकंदांपर्यंत थांबून खात्री करून घेतो. त्यानंतर संगणक कळफलकाला ‘काही नवीन?’ असे विचारतो. साधा कळफलक सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, म्हणजे जास्तीत जास्त ८ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. १००० हर्ट्‌झच्या कळफलकाला ही वाट १ मिलिसेकंदाची. शेवटी सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा नवे चित्र दाखवायला सुमारे १७ मिलिसेकंद घेतो.

तेव्हा कळफलक बदलून ७-८ मिलिसेकंदांची बचत होते, हे खोटे नाही. पण ज्याची प्रतिक्रियाच २०० ऐवजी २५० मिलिसेकंदांची आहे, त्याचे खरे काम सरावाने होणार आहे. दोन तुल्यबळ, कसलेले खेळाडू समोरासमोर असतील तरच ही बचत निकाल बदलू शकते. टंकलेखनात तर तिचा काहीच उपयोग नाही. मिनिटाला ४० शब्द म्हणजे २०० ठोके; दोन ठोक्यांमध्ये सरासरी ३०० मिलिसेकंदांचे अंतर असते.

खेळणाऱ्याला खरा फायदा होतो तो वेगळ्या ठिकाणी. त्याला एक कळ दाबून धरून दुसरी दाबायची असते, किंवा तीच कळ भराभर दोन-तीनदा दाबायची असते. निळ्या स्विचमध्ये कळ जेथे लागते आणि जेथे सुटते त्या दोन जागांत अंतर असते. पुन्हा दाबण्यापूर्वी बोट बरेच वर उचलावे लागते. लाल स्विचमध्ये हे अंतर फार थोडे असते. म्हणून खेळणारे लाल स्विच पसंत करतात. काही स्विच तर २ ऐवजी १.२ मिलिमीटरलाच लागतात.

अलीकडे याच्याही पुढची पायरी आली आहे. दट्ट्यात एक छोटे चुंबक बसवतात आणि खाली ‘हॉल परिणामा’वर चालणारा संवेदक असतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकातून प्रवाह जात असताना त्याच्या कडांमध्ये विभवांतर निर्माण होते, हा शोध एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये लावला. या संवेदकामुळे कळ किती खाली गेली ते सलगपणे समजते. येथे पट्ट्या भिडतच नाहीत, म्हणून त्यांच्या उसळीचा प्रश्नही उरत नाही. कळ किती खोलीवर लागावी हे वापरणाऱ्याला ठरवता येते आणि बोट किंचित उचलताच ती सुटते. मात्र कळफलक फार हुशार झाला की खेळ कोणाचा, हा प्रश्न येतो. डावी आणि उजवी कळ एकाच वेळी दाबली असता कोणती मानायची हे आपणहून ठरवणारी सोय काही कळफलकांत आली, तेव्हा ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर तिला मनाई केली. स्पर्धेत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे नियम आधी पाहावेत.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांसाठी

भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर डावीकडे आणि व्यंजने बहुतांशी उजवीकडे आहेत. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, ‘त’ आणि ‘थ’ एकाच कळेवर. महाप्राण व्यंजनासाठी शिफ्ट दाबायची. ‘विद्यार्थी’ हा शब्द घेतला तर त्यात व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ वेलांटी असे १० ठोके होतात आणि ‘थ’साठी शिफ्ट अकरावी. म्हणजे मराठीत करंगळीवर शिफ्टचा भार येतो आणि जोडाक्षरांमुळे ठोके वाढतात. शिफ्टसकट तीन कळा अचूक नोंदवणारा कळफलक म्हणूनच मराठी टंकलेखकाला इंग्रजीपेक्षा काकणभर अधिक गरजेचा आहे. हलक्या स्प्रिंगचाही करंगळीला फायदा होतो.

परीक्षा देणाऱ्यांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. परीक्षेच्या ठिकाणी बहुधा साधा रबरी घुमटाचा कळफलक असतो. ज्याने घरी महिनोन्‌महिने लाल किंवा तपकिरी स्विचवर सराव केला आहे, त्याच्या बोटांना कळ अर्ध्यावर सोडून देण्याची सवय झालेली असते. रबरी कळ अर्ध्यावर काही नोंदवत नाही. मग ऐन परीक्षेत काने आणि वेलांट्या गळू लागतात आणि मुलगा घाबरतो. दोष त्याच्या तयारीचा नसतो, दोन मिलिमीटरांचा असतो. म्हणून परीक्षेपूर्वीचे तीन-चार आठवडे तरी सराव साध्या कळफलकावरच करावा.

आयुष्य किती?

रबरी घुमटाच्या कळफलकाचे आयुष्य साधारण ५० लाख ते १ कोटी ठोके सांगतात, तर स्प्रिंगच्या स्विचचे ५ ते १० कोटी. हे आकडे एकेका कळेचे असतात. सर्वांत जास्त राबते ती मोकळी जागा सोडण्याची लांब कळ. तिचाच हिशेब करू. मिनिटाला २०० ठोके, म्हणजे तासाला १२ हजार, रोज चार तासांचे ४८ हजार. साधारण प्रत्येक पाचवा ठोका या कळेवर पडतो, म्हणजे रोज ९,६००. या दराने ५० लाख ठोके सुमारे ५२० दिवसांत संपतात, तर ५ कोटी ठोके चौदा वर्षे पुरतात. व्यावसायिक टंकलेखकाला यांत्रिक कळफलक दीर्घ मुदतीत स्वस्त पडतो तो असा. शाळेत मात्र एका संगणकावर दिवसाला तासभर काम होत असेल, तर साधा कळफलकही काही वर्षे चालतो. पाणी सांडणे, वायर ओढली जाणे आणि खडूची धूळ ही त्याच्या अखेरची कारणे आधी येतात.

कळांच्या टोप्यांकडेही पाहावे. बहुतेक टोप्या एबीएस या प्लॅस्टिकच्या असतात; घासून घासून त्या तुकतुकीत होतात. पीबीटी प्लॅस्टिकच्या टोप्या जास्त काळ खरखरीत राहतात. अक्षर वरून छापलेले असेल तर ते पुसते. दोन रंगांचे प्लॅस्टिक एकत्र ओतून घडवलेले अक्षर पुसले जाऊच शकत नाही.

मनगटाचे काय?

हलकी कळ घेतली की हात दुखणार नाहीत, अशी एक समजूत आहे. तिचाही हिशेब करू. लाल कळ पूर्ण दाबताना सरासरी ०.४५ न्यूटन बल ४ मिलिमीटर चालते. कार्य झाले १.८ मिलिज्यूल. तासाच्या १२ हजार ठोक्यांचे मिळून सुमारे २२ ज्यूल. एक किलो साखरेची पिशवी सव्वादोन मीटर उचलायला एवढेच कार्य लागते! म्हणजे थकवा येतो तो कार्यामुळे नव्हे. तो येतो तेच तेच स्नायू सतत वापरल्याने, हात अधांतरी धरून ठेवल्याने आणि मनगट वाकवून ठेवल्याने. मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटांचे स्नायुबंध आणि एक मज्जातंतू जातात. मनगट वाकलेले असले की त्या बोगद्यातील दाब वाढतो.

यावरचे उपाय फुकटचे आहेत. कळफलकाच्या मागच्या बाजूचे छोटे पाय उभे केले की मनगट मागे वाकते, म्हणून ते मिटून ठेवावेत. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ आणि खुर्ची त्या मानाने उंच असावी. लहान मुलांच्या पायांखाली पाट द्यावा. तासाभरात एकदोनदा हात मोकळे करावेत. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर नवा कळफलक शोधू नये, डॉक्टरांना दाखवावे.

तर मग निवड कशी करावी?

शाळेच्या संगणक कक्षासाठी चांगल्या प्रतीचे मेंब्रेन कळफलकच योग्य, असे आम्हाला वाटते. ते स्वस्त, शांत आणि सांडलेल्या पाण्याला जरा कमी घाबरणारे असतात. निळे स्विच वर्गात आणू नयेत : असे तीस कळफलक एकदम वाजू लागले तर एकाच्या तुलनेत आवाजाची पातळी सुमारे १५ डेसिबलने वाढते. मात्र घेण्यापूर्वी शिफ्टची तपासणी जरूर करावी.

रोज तीन-चार तास लेखन करणाऱ्यांना तपकिरी स्विच सोयीचा. एकटे बसून काम करणाऱ्यांना आणि जुन्या यंत्राचा ठेका ज्यांना हवासा वाटतो त्यांना निळा. मुख्यतः खेळण्यासाठी हवा असेल तर लाल. दोन्ही कामांसाठी एकच हवा असेल तर लाल किंवा तपकिरी यांतला जो बोटाला रुचेल तो. ज्यात स्विच उपटून दुसरा बसवता येतो असा कळफलक मिळाला तर थोडे जास्त पैसे देणे परवडते, कारण एक कळ बिघडली म्हणून सगळा कळफलक टाकावा लागत नाही. रंगीबेरंगी दिव्यांसाठी पैसे मोजायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यांनी वेग वाढत नाही.

आणि शक्य असेल तर दुकानात उभ्या उभ्या एक परिच्छेद टाइप करून पाहावा. आकडे आपल्याला फसवणुकीपासून वाचवतात; कळ आवडली की नाही, हे मात्र शेवटी बोटच सांगते.